चार बोटांचा तीनताल: बॅटरीवर चालणारा ताल-खेळ कसा बांधायचा

बोटांनी खेळायच्या ताल-खेळात सगळं एका प्रश्नावर येऊन ठेपतं: बोट नेमकं कधी पडलं? दिवे कितीही देखणे असोत, बटण दाबणं आणि आवाज येणं यात तीस-चाळीस मिलिसेकंदांची फट राहिली की हाताला ते लगेच कळतं. खेळणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण मजा येत नाही एवढं नक्की. घरी बांधलेल्या खेळांत ही फट सहसा एका जागी नसते. थोडी बटण वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, थोडी आवाजाच्या फाइलच्या सुरुवातीच्या शांततेत, थोडी दिव्यांच्या लायब्ररीत, अशी ती साठत जाते. म्हणून खालची सगळी रचना बोट आणि आवाज या दोन टोकांपासून सुरू होते. बाकीचं त्यांच्या सोयीने.

खेळासाठी गाणी शोधत बसायची गरज नाही. आपल्याकडे तबल्याचे ठेके, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, आयते आहेत आणि ते या कामासाठी फार चांगले आहेत. चार बटणं घ्या. डाव्या हाताला दोन: गे आणि के. उजव्या हाताला दोन: ना आणि तिं. एवढ्यात तीनतालाचा, म्हणजे सोळा मात्रांच्या तालाचा, अख्खा ठेका बसतो, कारण धा म्हणजे गे आणि ना एकदम, धिं म्हणजे गे आणि तिं एकदम. दोन बटणं एकत्र दाबण्याचा अवघडपणा खेळात मुद्दाम घुसवावा लागत नाही, तो तबल्यातच आहे.

धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. इथे ता म्हणजे ना चंच बटण. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्गा, म्हणजे डाव्या हाताचं वाद्य, गप्प असतो आणि चौदाव्या मात्रेला परत येतो. खेळताना लोक नेमके इथे चुकतात. डावा हात चार मात्रा रिकामा राहतो आणि परत येताना एक मात्रा लवकर किंवा उशिरा पडतो. खेळाची अवघड जागा कुठे ठेवायची हे तालानेच ठरवून दिलं आहे.

तबला शिकणाऱ्यांसाठी एक स्पष्ट सांगायला हवं. खऱ्या तबल्यावर चाटेवरचा (कडेच्या पट्टीवरचा) ना आणि लवेवरचा (तिच्या आतल्या भागावरचा) तिं दोन्ही पहिल्या बोटाने वाजतात. इथे त्यांना दोन वेगळी बोटं दिली आहेत. हे लयीचं खेळणं आहे, हात बसवायचं साधन नाही. रियाजाऐवजी ते देऊ नका.

सामान

आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारी छोटी पाटी) एक, ८ बाय ८ दिव्यांचं मॅक्स ७२१९ मॉड्यूल एक, पॅम ८४०३ अँप्लिफायरची छोटी पाटी एक, ८ ओहमचा ४० मिलिमीटरचा स्पीकर एक, यांत्रिक कीबोर्डची बटणं चार, १० किलोओहमचे पोटेन्शिओमीटर दोन (एक आवाजाला, एक लयीला), चार एए सेलचा होल्डर, १एन५८१९ डायोड, एक स्विच, झिरो पीसीबी (भाग जोडायची भोकांची पाटी). किरकोळ सामानात १ किलोओहम आणि १०० किलोओहमचा एकेक रेझिस्टर, १० किलोओहमचे चार, ४७ नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर, ४७० मायक्रोफॅरडचे दोन. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं.

नॅनो घेताना मधल्या काळ्या चिपवर काय छापलंय ते वाचा. एटीमेगा ३२८पी हवी. अगदी तशाच दिसणाऱ्या पाट्यांवर कधी एटीमेगा १६८ असते. तिच्यात फ्लॅश (प्रोग्रॅम आणि आवाज साठवायची जागा) निम्मी, १६ किलोबाइट, आणि आपले आवाज तिथे कसेबसे मावतात. कधी एलजीटी८एफ३२८पी असते. ती ३२ मेगाहर्ट्झवर चालू शकते, आणि मग खाली दिलेले टायमरचे आकडे दुप्पट वेगाने पळतात. तबला चिमुकल्या आवाजात वाजू लागला तर आधी चिपचं नाव पाहा.

बटणं

सर्वात स्वस्त ६ बाय ६ मिलिमीटरची टॅक्टाइल बटणं टाळा. ती स्वतःच टकटक करतात आणि हा टक आवाज स्पीकरच्या बोलात मिसळतो. शिवाय जोरात मारणाऱ्या बोटाखाली ती लवकर सैल होतात. स्पर्शाच्या टीटीपी २२३ पाट्या दिसायला मोहक असतात, पण या खेळाला त्या चालतच नाहीत. कारण त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलं आहे: कमी वीज खाणाऱ्या अवस्थेत प्रतिसादाला साधारण २२० मिलिसेकंद लागू शकतात, जलद अवस्थेतही ६० पर्यंत. ऐंशीच्या लयीत (मिनिटाला ऐंशी मात्रा) चौगुन, म्हणजे एका मात्रेत चार बोल, वाजवली तर दोन ठोक्यांत १८७ मिलिसेकंद असतात. म्हणजे पाटी जागी होईपर्यंत पुढचा बोल येऊन गेलेला असतो.

यांत्रिक कीबोर्डची सरळ खाली जाणारी, टक न करणारी बटणं यासाठी उत्तम. त्यांना दाबायला साधारण ४५ ग्रॅमचा जोर लागतो, ४ मिलिमीटरच्या प्रवासात २ मिलिमीटरवर जोडणी होते. बसवायला १४ बाय १४ मिलिमीटरचं चौकोनी भोक आणि १.५ मिलिमीटर जाडीची पट्टी लागते. ३ मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये त्यांची खाच अडकत नाही, बटण वर उचकटतं. जाड पट्टीच वापरायची असेल तर खालून हॉट ग्लू लावा, पण गोंद बटणाच्या आत जाऊ देऊ नका.

जोडणी अशी: प्रत्येक बटणाचं एक टोक ग्राउंडला, दुसरं ए-० ते ए-३ या चार पिनांपैकी एकीला, आणि त्या पिनेपासून ५ व्होल्टला १० किलोओहमचा पुलअप, म्हणजे बटण सुटं असताना पिन ५ व्होल्टवर धरून ठेवणारा रेझिस्टर. चिपच्या आत पुलअप असतोच, पण तो २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे ढिला. स्पीकरच्या वायरी शेजारून जात असतील तर बाहेरचा पुलअप जास्त भरवशाचा. आणि ए-० ते ए-३ याच पिना का? कारण त्या चारही पोर्ट सी वर, म्हणजे चिपच्या एकाच पिन-गटात, लागोपाठ आहेत. एकाच वाचनात चारही बटणांची स्थिती एकाच क्षणाची मिळते. एकामागून एक चार वेळा वाचायची गरज नाही.

आता बटणाची थरथर. धातूची पत्री टेकते तेव्हा ती काही मिलिसेकंद उडते आणि एक ठोका पाच-सहा ठोक्यांसारखा दिसतो. बहुतेक ठिकाणी शिकवला जाणारा उपाय असा: स्थिती बदलली की थांबा, वीस मिलिसेकंद स्थिर राहिली तर ठोका धरा. दाराच्या घंटीला हे ठीक आहे. इथे मात्र तुम्ही प्रत्येक ठोक्याला स्वतःच्या हाताने वीस मिलिसेकंद उशीर लावता. उलट करा. पहिला स्पर्श दिसताक्षणी ठोका धरा, वेळ नोंदवा, आवाज सुरू करा, आणि मग पुढचे २५ मिलिसेकंद त्या बटणाकडे बघूच नका. थरथर त्या २५ मध्ये संपून जाते.

एक जागा उरते. बोट उचलतानाही पत्री थरथरते, आणि बोट २५ मिलिसेकंदांनंतर उचललं तर ती थरथर नवा ठोका म्हणून धरली जाते. एका बोलाला दोनदा आवाज येत असेल, तोही नेमका बोट सोडताना, तर कारण हेच. म्हणून नवा ठोका धरण्याआधी बटण सलग १० मिलिसेकंद सुटलेलं असायला हवं अशी अट घाला. या अटीने ठोक्याला उशीर होत नाही.

आवाज

साध्या बझरवर चार वेगळ्या उंचीचे सूर वाजवून खेळ चालवता येतो, पण धा कधीच धा वाटत नाही. त्यापेक्षा खरे बोल रेकॉर्ड करून चिपच्या फ्लॅशमध्ये ठेवा. हिशोब सोपा आहे. सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी एक बाइट. एका बोलाला पाव सेकंद धरला तर २००० बाइट, चार बोलांचे ८०००. नॅनोच्या ३२ किलोबाइटमध्ये बूटलोडर (प्रोग्रॅम चढवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) वजा जाता तीस हजारांहून जास्त बाइट हाताशी असतात. गे ला अर्धा सेकंद द्या, त्याची आस (थापेनंतरची गुंज) ऐकू यायला हवी.

कुणाच्या तरी तबल्यावर चारही बोल सुटे वाजवून घ्या, फोनवर रेकॉर्ड केले तरी चालतात. ऑडॅसिटीत एकच चॅनेल, ८००० हर्ट्झ, ८ बिट चिन्हरहित अशी कच्ची फाइल काढा. त्याआधी दोन गोष्टी नीट करा. पहिली, बोलाच्या आधीची शांतता अगदी थाप सुरू होते तिथपर्यंत कापा. लाट पूर्ण मोठी करून पाहा. डोळ्यांना नगण्य वाटणारी पट्टी वीस-तीस मिलिसेकंदांची निघते, आणि प्रत्येक ठोक्याला तेवढा उशीर. प्रोग्रॅममध्ये उशीर शोधत बसणाऱ्या अनेकांचा उशीर या फाइलमध्येच असतो. दुसरी, शेवट हळूहळू शून्यावर आणा. चिन्हरहित ८ बिटांत शांतता म्हणजे १२८. शेवटचा नमुना १२८ नसेल तर प्रत्येक बोलाच्या शेवटी टक्‌ ऐकू येतो.

गे चा त्रास वेगळा आहे. डग्ग्याचा मूळ सूर खूप खालचा, आणि ४० मिलिमीटरचा स्पीकर साधारण ३०० हर्ट्झच्या खाली फार थोडा आवाज देतो. रेकॉर्डिंग हेडफोनवर घुमदार, डबीत मात्र नुसती धप्प. उपाय दोन: घसीट (मनगट कातड्यावर सरकवणं) असलेला गे रेकॉर्ड करा, म्हणजे वर चढणारा सूर स्पीकरला पेलतो, किंवा ऑडॅसिटीत तो अर्धं सप्तक वर न्या. शुद्धतेच्या आग्रहापेक्षा कानाला डग्गा ओळखू येणं महत्त्वाचं.

वाजवण्याची यंत्रणा अशी. टायमर १ आठ बिटांच्या जलद पीडब्ल्यूएमवर (पिन झपाट्याने चालू-बंद करून मधलं व्होल्टेज देण्याची पद्धत), विभाजन न करता; म्हणजे पिन ९ वर १६ मेगाहर्ट्झ भागिले २५६, ६२,५०० हर्ट्झ. हा वेग कानाच्या पल्याड आहे. टायमर २ ला ८ ने विभाजन आणि तुलनेचा आकडा २४९ दिला की तो सेकंदाला बरोबर ८००० वेळा इंटरप्ट देतो, म्हणजे चालू काम थांबवून ठरलेला छोटा प्रोग्रॅम चालवायला लावतो. प्रत्येक इंटरप्टला वाजत असलेल्या बोलांचे पुढचे नमुने घ्या, प्रत्येकातून १२८ वजा करा, बेरीज करा, उणे १२८ ते अधिक १२७ मध्ये कापा, परत १२८ मिळवा आणि टायमर १ ला द्या. बेरीज कापली नाही तर मोठ्या धा ला आकडा उलटून भयंकर खरखर येते. दोन इंटरप्टमध्ये १२५ मायक्रोसेकंद, म्हणजे दोन हजार चक्रं मिळतात. चार बोल एकदम मिसळायला ती भरपूर आहेत.

पिन ९ पासून १ किलोओहम, तिथून ग्राउंडला ४७ नॅनोफॅरड, साधारण ३.४ किलोहर्ट्झच्या वरचं गाळलं जातं. त्या बिंदूपासून १०० किलोओहम मालिकेत, मग आवाजाचा पोटेन्शिओमीटर, त्याच्या मधल्या पायापासून पॅम ८४०३ च्या एका इनपुटला. १०० किलोओहम वगळला तर अँप्लिफायरला ५ व्होल्टचा सिग्नल मिळतो आणि तबल्याचा ताशा होतो. पॅम ८४०३ ची दोन्ही स्पीकर टोकं जिवंत असतात. त्यांतलं एकही ग्राउंडला जोडू नका, चिप जळते.

डीएफप्लेअर मिनीवर एमपी३ वाजवण्याचा मोह आवरा. गाणं लावायला ते छान आहे, पण आज्ञा दिल्यापासून आवाज येईपर्यंत त्याला कार्डवरून फाइल शोधावी लागते आणि हा वेळ दर वेळी वेगळा असतो. ठरावीक उशीर वजा करता येतो, बदलता येत नाही. ब्लूटूथ स्पीकरबद्दल तर बोलायलाच नको. तिथे उशीर शंभर मिलिसेकंदांच्या वर सहज जातो.

घड्याळ एकच

या रचनेतला सर्वात उपयोगी निर्णय हा: लय मोजायला मिलिसेकंदांचं तयार घड्याळ वापरू नका. टायमर २ च्या इंटरप्टमध्ये एक ३२ बिटांचा मोजक ठेवा, दर नमुन्याला एकाने वाढणारा. मात्रा कधी, बोट कधी, आवाज कुठवर आला, सगळं या एकाच मोजकात. १ मिलिसेकंद म्हणजे ८ नमुने. बटणंही याच इंटरप्टमध्ये वाचा. मग आवाज आणि निकाल एकमेकांपासून कधी सरकूच शकत नाहीत.

मुख्य प्रोग्रॅममध्ये हा मोजक वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करून त्याची प्रत घ्या. आठ बिटांची चिप चार बाइट एकामागून एक वाचते. मध्येच इंटरप्ट आला आणि खालचा बाइट २५५ वरून ० झाला तर वाचलेला आकडा २५६ नमुन्यांनी चुकतो. म्हणजे ३२ मिलिसेकंद. अगदी नीट वाजवलेला एखादाच ठोका क्वचित विनाकारण चूक ठरतो, आणि चाचणीत तो पुन्हा सापडत नाही, तेव्हा आधी इथे पाहा.

मात्रेचा काळ म्हणजे ४,८०,००० भागिले लय. ऐंशीला ६००० नमुने, एकशे दहाला ४३६३.६४. अपूर्णांक सोडून दिला तर लय किंचित जलद होते, कुणालाही कळत नाही. फक्त ठेका आणि त्यावरची दुगुन (एका मात्रेत दोन बोल) वेगवेगळ्या मोजणीने चालवू नका. प्रत्येक बोलाची वेळ आवर्तनाच्या (तालाच्या एका फेरीच्या) समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, काढा: सम अधिक क्रमांक गुणिले काळ. मागच्या बोलात काळ मिळवत गेलात तर उरलेले अपूर्णांक साठतात आणि दुगुन समेच्या आसपास विस्कटते.

बाहेरच्या गाण्यासोबत खेळायचं असेल तर मात्र नॅनोवर क्वार्ट्झ क्रिस्टल हवा. बऱ्याच पाट्यांवर सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्याची अचूकता अर्ध्या टक्क्याच्या घरात. तीन मिनिटांच्या गाण्यात अर्धा टक्का म्हणजे ०.९ सेकंद. क्रिस्टलला पन्नास दशलक्षांश धरले तरी तेवढ्याच वेळात ९ मिलिसेकंद.

लयीचा पोटेन्शिओमीटर ए-६ ला जोडा. ती पिन फक्त अ‍ॅनालॉग वाचते, दुसऱ्या कशाला उपयोगी नाही. सोळा वाचनांची सरासरी घ्या, आणि नवी लय फक्त समेवर लागू करा. मधल्या मात्रेला लय बदलली तर आधी ठरवलेल्या बोलांच्या वेळा आणि नव्या वेळा एकमेकांवर चढतात.

ठेका लिहायचा कसा

एक मात्रा, एक बाइट. खालचे चार बिट चार बटणांचे: गे १, के २, ना ४, तिं ८. मग धा म्हणजे ५, धिं ९, तिं ८, ता ४. तीनताल: ५ ९ ९ ५, ५ ९ ९ ५, ५ ८ ८ ४, ४ ९ ९ ५. सोळा बाइटांत काम झालं.

वरच्या बिटांपैकी एक समेचा, एक टाळीचा, एक खालीचा (टाळी म्हणजे हाताने टाळी देऊन दाखवायची मात्रा, खाली म्हणजे हात रिकामा दाखवायची). सम आणि खाली यांना वेगळे बिट द्यायलाच हवेत. सम म्हणजे टाळी असणारच असं धरून प्रोग्रॅम लिहिला की तो रूपकात अडतो: तीं तीं ना, धी ना, धी ना, सात मात्रा, आणि सम खालीवर. टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. झपताल दहा बाइट: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दादऱ्याला सहा. के चं बटण या ठेक्यांत जवळजवळ रिकामं राहतं. ते केहरव्यात कामाला येतं: धा गे ना ती, ना के धी ना.

खेळाचा शेवट तिहाईने, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपणाऱ्या तुकड्याने, करा. तीनतालात समेपासून उचलायची सरळ दमदार तिहाई हवी असेल तर पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा दम, पुन्हा पाच, एक दम, पुन्हा पाच. एकूण सतरा, आणि सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. तुकडा साधा घ्या: तिं तिं ना ना धा. तिसरा धा समेवर पडला की खेळ संपला. दम म्हणजे तुकड्यांमधली मोकळी मात्रा. ती ठेक्यात ० म्हणून लिहा, आणि तिथे कुणी बटण दाबलं तर चूक धरा. अधीर बोट तिथेच पकडलं जातं.

निकाल

ऐंशीच्या लयीला ३५ मिलिसेकंदांच्या आत पडलेला बोल पक्का, ७० च्या आत कच्चा, त्यापलीकडे हुकला. हे आकडे दोन्ही बाजूंचे. लय वाढली की खिडकी लहान करा: त्याच बटणाच्या शेजारच्या बोलापर्यंतच्या अंतराच्या ४० टक्क्यांपेक्षा ती कधीच मोठी नसावी, नाहीतर दोन खिडक्या एकमेकींत शिरतात.

दाबलेलं बटण कोणत्या बोलाचं, हे ठरवताना त्या बटणाचा वेळेने सर्वात जवळचा, अजून न वाजलेला बोल शोधा. रांगेतला पुढचा बोल घ्यायचा सोपा मार्ग चालत नाही. एक बोल राहून गेला की पुढचा ठोका त्या राहिलेल्या बोलाच्या नावावर जातो आणि मग सगळं आवर्तन एकेकाने मागे सरकतं. खेळणारा बरोबर वाजवत असतो, यंत्र सगळं चूक म्हणतं.

धा ची दोन बोटं एकाच क्षणी कधीच पडत नाहीत. दहा-वीस मिलिसेकंदांचा फरक साहजिक आहे. म्हणून जोडीची वाट पाहू नका. गे आला की गे वाजवा आणि तपासा, ना आला की ना. दोन्हींचे निकाल वेगळे काढून त्यांतला कमी चांगला धा चा निकाल धरा.

ठोक्यासोबत टिचकी मारायला सांगितलं की बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधी पडतं. ज्यांचा तालाचा सराव आहे त्यांच्यात हा फरक कमी असतो, नवख्यांत जास्त. खिडकी ठोक्याच्या बरोबर मध्यावर ठेवली तर नवखा माणूस सतत लवकर ठरतो. सुरुवातीला सोळा मात्रांची एक फेरी द्या, पहिल्या चार सोडा, उरलेल्या बारांच्या फरकांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा आणि तेवढी खिडकी सरकवा. सरासरी नको, एक ठोका हुकला तरी ती बिघडते. हा आकडा आणि सर्वोच्च गुण ईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या चिपमधल्या साठ्यात) ठेवा, पण खेळ संपल्यावरच लिहा. ईप्रॉमचा प्रत्येक बाइट एक लाख वेळा लिहिण्याच्या हमीचा असतो, दर ठोक्याला लिहिलं तर ती हमी लवकर संपते.

मार्गदर्शक ठेका मागे हळू वाजत ठेवा, खेळणाऱ्याचा बोल त्याच्या चौपट मोठा. बोट बरोबर पडलं की दोन्ही आवाज एक होतात, सरकलं की दोन थापा सुट्या ऐकू येतात. दिव्याकडे न बघता चूक कळते. पुढच्या पातळीवर फक्त सम आणि खाली ऐकवा. त्यापुढे एक अख्खं आवर्तन रिकामं सोडा, दिवेही बंद, आणि समेवर ठेका परत आणा. खेळाची खरी चव या पातळीत आहे. इथे मन सोळा मात्रा स्वतः मोजतं, आणि समेवर बोट व ठेका एकदम आले की पुन्हा खेळावंसं वाटतं.

दिवे

मॅक्स ७२१९ ला पिना ११, १३ आणि १० द्या. चार बोलांचे चार उभे स्तंभ: ०, २, ५, ७. मधले ३ आणि ४ हे दोन तालाचे: समेला पूर्ण उंच, टाळीला अर्धे, खालीला फक्त तळाचा ठिपका. बोलाचा ठिपका वरून खाली येतो. तो तळाच्या ओळीत शिरतो तोच क्षण मात्रेचा. ओळी फक्त आठ असल्याने ठिपका प्रत्येक ओळीत थांबून पुढे जातो. मात्रेला चार ओळी ठेवल्या की जवळजवळ दोन मात्रा आधी दिसतं, तेवढं पुरतं.

रंगीत डब्ल्यूएस २८१२बी दिवे इथे नकोत. त्यांना माहिती पाठवताना नेहमीच्या लायब्ररी इंटरप्ट बंद ठेवतात. एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद, बत्तीस दिव्यांना जवळजवळ एक मिलिसेकंद. तेवढ्यात आपले सात-आठ नमुने बुडतात, आवाज फुटतो आणि मोजक मागे पडतो.

उजळपणा सोळा पायऱ्यांपैकी दोन किंवा तीनवर ठेवा. पूर्ण उजेडात सगळे दिवे लागले तर हे मॉड्यूल ३२० मिलिअँपिअरच्या आसपास खातं.

वीज आणि डबी

चार निकेल मेटल हायड्राइड एए सेल घ्या. ४.८ व्होल्ट, चार्जरमधून नुकतेच काढलेले असतील तर ५.६ पर्यंत. मालिकेतला १एन५८१९ त्यातले ०.३ व्होल्ट खातो आणि सेल उलटे घातले तर सगळं वाचवतो. हा पुरवठा नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनेला द्या, व्हीआयएनला नाही. साधे अल्कलाइन सेल नकोत. नवे चार मिळून ६ व्होल्टच्या वर जातात आणि चिपची कमाल मर्यादा ६ आहे. एकूण खर्च १२० मिलिअँपिअर धरला तर २००० मिलिअँपिअर-तासांचे सेल पंधरा-सोळा तास चालतात. यूएसबी लावताना स्विच बंद ठेवा.

लिथियम सेल, टीपी ४०५६ (सेल चार्ज करणारी पाटी) आणि व्होल्टेज वाढवणारी पाटी असंही करता येतं, डबी पातळ होते. पण टीपी ४०५६ च्या पाट्यांवर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे १ अँपिअर चार्जिंग. ५०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला ते घातक आहे, तिथे ५ किलोओहम लावून २५० वर आणा. वाढवणाऱ्या पाटीचं व्होल्टेज नॅनो जोडण्याआधी मल्टीमीटरने ५.० वर आणा.

स्पीकरमधून सतत बारीक गुणगुण येत असेल तर ती मॅक्स ७२१९ ची आहे. ते दिवे सेकंदाला साधारण ८०० वेळा फिरवतं आणि तो झटका सामायिक ग्राउंडमधून अँप्लिफायरपर्यंत पोचतो. दिव्यांच्या मॉड्यूलच्या आणि अँप्लिफायरच्या ग्राउंड वायरी वेगवेगळ्या थेट बॅटरीपर्यंत न्या, दोघांच्या तोंडाशी ४७० मायक्रोफॅरड लावा. एकाच लांब वायरवर सगळ्यांना ओवलं तर कितीही कपॅसिटर लावले तरी गुणगुण पूर्ण जात नाही.

डबी १६० बाय ९० मिलिमीटरची पुरते. एका हाताच्या दोन बटणांत १९ ते २२ मिलिमीटर, दोन हातांत किमान ६० अंतर. सेल तळाशी मध्यावर ठेवा, वजन तिथे असलं की डबी बोटांखाली सरकत नाही. खाली रबराचे चार पाय. स्पीकर आतून तळाला नव्हे, समोरच्या बाजूला बसवा. मांडीवर ठेवल्यावर तळाचा स्पीकर बंद होतो, आणि हा खेळ मांडीवर ठेवूनच खेळला जातो.

मोजून पाहा

फोन बटण आणि स्पीकर यांच्यापासून सारख्या अंतरावर ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा, नखाने बटणावर टिचकी मारा. ऑडॅसिटीत नखाचा आवाज आणि बोलाची सुरुवात यांतलं अंतर मोजा. यात बटणाचा २ मिलिमीटरचा प्रवासही येतो. दहा मिलिसेकंदांच्या आत असेल तर रचना बरोबर आहे. तीस निघाले तर आधी आवाजाच्या फाइलची सुरुवात पाहा, मग बटण वाचायची पद्धत. अंतर दर वेळी वेगळं येत असेल तर ठोका मुख्य प्रोग्रॅममध्ये वाचला जातोय. तो इंटरप्टमध्ये हलवा.